दारावर न लागलेला पडदा

मी पडदा बोलतोय. या, असे पुढे या. दोरीपाशी थांबलात म्हणजे नीट ऐकू येईल. हात मात्र लावू नका. तशी पाटी आहे, आणि पाटीची राखण करणाऱ्या हामागुचीबाई आत्ता आतल्या खोलीत सहलीच्या लोकांना देव्हारा दाखवताहेत. त्या परत येईपर्यंत आपल्याला थोडा वेळ आहे.

त्यांचं बोलणं तुम्ही ऐकलंच असेल. येणाऱ्या प्रत्येक घोळक्याला त्या माझ्यासमोर उभं करतात आणि सांगतात, "हा इवासे घराण्याचा नोरेन, म्हणजे दुकानाच्या दारावरचा पडदा. मच्छरदाण्यांच्या या पेढीवर तो दोनशे वर्षं झळकत होता. इथे इमानानं नोकरी केलेल्या माणसाला मालक असाच एक पडदा करून द्यायचे आणि दुकान थाटून द्यायचे. एवढ्या मोठ्या मनाचं हे घर!" मग लोक माना डोलावतात, माझा फोटो काढतात आणि पुढच्या खोलीत जातात.

दोनशे वर्षं! अहो, जपानची चीनशी लढाई सुरू व्हायच्या आधी काही वर्षं मला रंगवलं. आणि दारावर म्हणाल, तर मी कुठल्याही दारावर तासभरसुद्धा लागलेलो नाही. ऊन, वारा, धूळ, गिऱ्हाईकांच्या हाताचा मळ, यातलं काही मला माहीत नाही. दोनशे वर्षं उन्हात राहिलेल्या पडद्याचा निळा रंग इतका ताजा कसा, असं एकाही पाहुण्याला विचारावंसं वाटत नाही. लोक ऐकायला येतात, बघायला नाही.

मोठ्या मनाचं घर म्हणे. त्या मोठ्या मनानं माझ्या माणसाचा केसानं गळा कापला. आणि आता त्याच मोठ्या मनाचा पुरावा म्हणून मला इथे टांगलंय.

माझ्या माणसाचं नाव यासोकिची. तो या घरात आला तेव्हा पोरगेला होता, आणि मी जन्मलो तेव्हा पस्तिशीकडे झुकलेला. मधली सगळी वर्षं त्यानं पाठीवर मच्छरदाण्यांचा बोजा घेऊन काढली. वसंतात निघायचं, रेल्वेनं डोंगर ओलांडायचा, पलीकडे उतरलं की पायी. कामेयामा आणि त्याच्या आसपासच्या गावांत या पेढीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ते त्यानं दारोदार जाऊन ठाऊक केलं. कुणाच्या घरी बाळ जन्मलंय, कुणाची मच्छरदाणी मांजरीनं फाडलीय, हे सगळं त्याला तोंडपाठ. तिकडचे लोक 'इवासेंच्या मच्छरदाण्या' म्हणत नसत, 'यासोंच्या मच्छरदाण्या' म्हणत.

आमच्याकडची रीत अशी, की नोकरानं मालकाच्या घरी राहायचं, मालकाचं खायचं, आणि लग्नाचा विचार मनात आणायचा नाही. वर्षानुवर्षं असं राबल्यावर मालक खूश झाले तर ते त्याला पेढीचं चिन्ह असलेला पडदा देतात. तो पडदा म्हणजे सगळं. तो दारावर असला की ठोक व्यापारी उधारीवर माल देतात, गिऱ्हाईक विश्वासानं आत येतं, आणि माणूस लग्न करून संसार थाटतो. पडदा नसेल तर मग तुम्ही कितीही हुशार असा, तुम्हाला कोण ओळखतो?

यासोकिचीला शब्द मिळाला. मालक जिम्बेई इवासे यांनी सगळ्या नोकरांसमोर सांगितलं, "यासो, कामेयामाचं दुकान तुझं. शरदात चांगला दिवस बघून मी माझ्या हातानं पडदा देईन."

मग मला रंगाऱ्याकडे धाडलं. या घराचं चिन्ह म्हणजे आंबुशीची तीन पानं. आंबुशी तुम्हाला माहीत असेल, कितीही उपटली तरी पुन्हा उगवणारं ते आंबट पाल्याचं तण. व्यापाऱ्यांना ते फार आवडतं. रंगाऱ्यानं माझ्यावर भाताच्या खळीनं पानं काढली आणि मला निळीच्या रांजणात बुडवलं. खळ धुतली तेव्हा निळ्यावर पांढरी पानं उमटली, आणि त्यांच्या भोवती एक बारीक कडं. ते कडं नीट लक्षात ठेवा. मालकांच्या स्वतःच्या पडद्यावर नुसती पानं असतात. नोकराला दिलेल्या पडद्यावर पानांभोवती कडं घालतात, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळावं की हे दुकान घरच्या माणसाचं नाही, घरात वाढलेल्या माणसाचं आहे.

मला त्या कड्याची कधी लाज वाटली नाही. ते यासोकिचीचं कडं होतं.

मला शिवलं ओशिगेनं. मागच्या अंगणापलीकडे शिवणघर होतं. तिथे बायका हिरव्या मच्छरदाण्यांना लाल पट्ट्या शिवत बसायच्या. ओशिगे त्यांतली सगळ्यात फटकळ. यासोकिचीचं दुकान झालं की त्यांचं लग्न व्हायचं होतं, हे शिवणघरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी उघड बोलत नव्हतं. तिनं मालकांकडून मला मागून घेतलं. माझ्या चार पट्ट्या वरून जोडल्या, खालून मोकळ्या ठेवल्या, आणि बांबू ओवायला वर कापडाच्या कड्या केल्या.

तिच्या शेजारी टोमे नावाची म्हातारी बसायची. ती म्हणाली, "अगं, दाराचा पडदा शिवतेयस की लग्नाचा किमोनो? एवढे बारीक टाके कशाला?"

"किमोनो एक दिवस अंगावर घालायचा आणि पेटीत ठेवायचा," ओशिगे म्हणाली. "हा मला रोज बघायचाय."

एका दुपारी यासोकिची लाल पट्टीचं कापड बघायचं निमित्त काढून आला. टोमेनं मला बांबूवर चढवलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं ओशिगेकडे दिलं, आणि म्हणाली, "या मालक, आत या. गिऱ्हाईक कसं येतं ते दाखवा जरा."

यासोकिचीचे कान लाल झाले. पण तो आला. त्यानं माझ्या मधल्या दोन पट्ट्या हातानं बाजूला केल्या, वाकला, आणि त्याचं डोकं बांबूवर आपटलं.

"घ्या! पहिल्याच दिवशी कपाळमोक्ष," टोमे म्हणाली.

"बांबू थोडा वर बांधू या," यासोकिची अगदी गंभीरपणे म्हणाला. "गिऱ्हाईकाचं डोकं आपटलं तर ते मच्छरदाणी कशाला घेईल?"

"तुमच्याएवढं ताडमाड गिऱ्हाईक कामेयामात कुठून यायचं?" ओशिगे हसत सुटली. "बांबू आहे तिथेच राहणार. तुम्हीच रोज वाका."

सगळं शिवणघर हसलं. मीही हललो, वारा नसताना. माझ्यातून कुणी माणूस गेला तो तेवढाच.

शिवून झाल्यावर मला घडी घालून एका लाकडी पेटीत ठेवलं आणि पेटी मालकांच्या बैठकीच्या खोलीत, फुलांच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. शुभ दिवसाची वाट बघत मी तिथे पडून होतो. आणि तिथे पडल्या पडल्या मी सगळं ऐकलं.

मालकांचा धाकटा मुलगा शिन्जिरो त्याच सुमारास ओसाकाहून परत आला. तिथे त्यानं कसलेसे धंदे केले होते आणि सगळे बुडवले होते. आल्यापासून तो उशिरा उठायचा, मिसोचं सूप गार झालं म्हणून नाक मुरडायचा आणि अंगणातल्या तळ्यातल्या माशांना भात टाकत बसायचा. मालकीणबाईंचा जीव तुटत होता.

एके दिवशी सकाळी त्या मालकांना म्हणाल्या, "परका माणूस आपल्या चिन्हावर पोट भरणार आणि माझं पोर माशांना भात घालत बसणार, हे बरं दिसतं का?"

"मी शब्द दिलाय," मालक म्हणाले.

"शब्द मोडा असं मी कुठे म्हणते? पुढे ढकला."

चिलमीतली राख झाडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बघू."

त्या एका 'बघू'मध्ये सगळं आलं. मी पेटीत होतो, मला तोंड नव्हतं. नाहीतर तिथल्या तिथे ओरडलो असतो.

शरदातले शुभ दिवस एकेक करून नासले. एकदा मालकांना सर्दी झाली, एकदा दिवस शुभ पण दिशा वाईट निघाली, एकदा कुठल्याशा चुलत आजोबांचं श्राद्ध मध्ये आलं. आमच्याकडे पंचांगात शोधलं की हवी ती अडचण सापडते. यासोकिची प्रत्येक वेळी वाकून म्हणायचा, "घाई नाही मालक. तब्येत सांभाळा."

वसंतात मालकांनी त्याला बोलावलं. "यासो, या फेरीला शिन्जिरोला बरोबर ने. त्याला माणसं दाखव, दारं दाखव. घरातल्या पोरालाही धंदा कळायला हवा की नाही? तू परत आलास की मी स्वतः कामेयामाला येईन आणि माझ्या हातानं पडदा लावीन."

यासोकिचीनं जमिनीवर डोकं टेकलं. त्याला तो मान वाटला. बाहेर ओसरीवर ओशिगे मच्छरदाण्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती, तिला त्यानं लगेच सांगितलं.

"दारं दाखवायची म्हणजे काय?" तिनं विचारलं. "ती दारं तुमची आहेत ना?"

"वेडी आहेस का? पेढीची आहेत."

"मग तुमचं काय आहे?"

"पडदा," यासोकिची म्हणाला. "मालकांनी शब्द दिलाय."

"मालकांच्या शब्दाला शरद लागला, हिवाळा लागला. अजून काय काय लागणार आहे?"

"हळू बोल, ऐकतील." आणि तो सामान बांधायला गेला.

ते दोघे गेले आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत आले. तिकडे काय झालं ते मला शिन्जिरोच्या तोंडून कळलं, कारण तो पाय धुऊन थेट मालकांच्या खोलीत आला आणि हसत सुटला.

"बाबा, मला काही करावंच लागलं नाही! प्रत्येक दारात तोच वाकून म्हणायचा, 'मी काय, नुसता नोकर माणूस. खरे मालक हे. आजवर माझ्यावर लोभ केलात, यापुढे यांच्यावर करा.' लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एका म्हातारीनं तर त्याला निरोपाचा भात खाऊ घातला."

आता तुम्ही म्हणाल, असं कशाला म्हणाला तो? अहो, आमच्याकडे तसंच म्हणायचं असतं! मालकाच्या मुलाची ओळख करून देताना नोकरानं स्वतःला खाली ओढायचं आणि त्याला वर चढवायचं, ही साधी रीत. पोरवयात शिकवतात ती. ऐकणाऱ्यानंही ती रीत म्हणून घ्यायची. पण एकाच माणसानं प्रत्येक दारात तेच सांगितलं आणि शिन्जिरोनं मागे उभं राहून नुसती मान हलवली, तर लोक काय समजणार? यासोकिची निरोप घेतोय असंच समजले. ज्या दारांवर त्यानं उभी तरुणाई खर्च केली, ती त्यानं स्वतःच्या तोंडानं, वाकून वाकून दुसऱ्याच्या हवाली केली. आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी. मालकांनी त्याला बैठकीत बोलावलं. शिन्जिरो बाजूला बसला होता.

"यासो, कामेयामाचं दुकान शिन्जिरो बघेल," मालक म्हणाले. "तू त्याचा मुनीम हो. पगार वाढवतो. गिऱ्हाइकांनाही आता तोच मालक म्हणून माहीत झालाय. तूच करून दिलीस ना ओळख?"

यासोकिचीनं विचारलं, "आणि पडदा, मालक?"

शिन्जिरोला हसू आवरलं नाही. "तो कड्याचा? माझ्या दारावर मी नोकराचं चिन्ह लावू होय? मला नवा रंगवायला टाकलाय."

"मग तो मला द्या." यासोकिचीचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "गिऱ्हाइकं राहू देत तुमच्याकडे. गावही राहू दे. मी लांब कुठेतरी जाईन, जिथे पेढीचा माल जात नाही तिथे. तेवढा पडदा द्या, मालक. बाकी मी बघून घेईन."

मालकांनी चिलीम खाली ठेवली. "चिन्ह घराचं, कापडही घराचं. असं वाटत सुटलो तर कसं चालेल?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. शिन्जिरोला मी नको होतो, मालकांना माझा उपयोग नव्हता, जगात एकाच माणसाला मी हवा होतो; आणि त्यालाच मला द्यायचं नव्हतं. कारण मी त्याच्या दारावर लागलो असतो तर तो उभा राहिला असता. आणि दिलेला शब्द मोडणाऱ्याला समोरचा माणूस उभा राहिलेला बघवत नाही.

यासोकिची वाकला. तेव्हाही! रीतीप्रमाणे कपाळ जमिनीला टेकवून, इतक्या वर्षांच्या अन्नाबद्दल आभार मानून मग उठला. त्या वाकण्याचा मला आजही राग येतो. बाहेरच्या उंबऱ्यावर चपला घालताना तो म्हणाला, "या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही." कुणाला उद्देशून नाही, नुसतंच.

ओशिगेला कळलं तेव्हा ती शिवणघरातून सरळ बैठकीच्या दाराशी आली. शिवणकाम करणारी बाई तिथवर कधी येत नसे.

"मालक, चिन्ह तुमचं, कापड तुमचं, कबूल," ती म्हणाली. "पण टाके माझे आहेत. तेवढे उसवून न्यायला हरकत नाही ना?"

मालकीणबाईंनी उठून सरकतं दार लावून घेतलं. तिची पावलं अंगणातून लांब गेली, आणि मला वाटलं, उसवायला हवं होतं तिनं. एक एक टाका. मी तिथेच चिंध्या होऊन संपलो असतो तर बरं झालं असतं.

मला कोठारात हलवलं. पुढची कितीतरी वर्षं मी कापराच्या वासात काढली. पहिल्या काही उन्हाळ्यांत घरातलं जुनं कापड उन्हाला टाकायचे, पण मला कधी बाहेर काढलं नाही. माझी पेटी दिसली की मालक नजर चुकवायचे, असं मोलकरणी आपसात बोलायच्या. कोठारात सामान ठेवायला येणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून थोडंफार कळायचं. यासोकिची आणि ओशिगे यांनी लग्न केलं. कामेयामाच्याच एका बोळात ते लोकांच्या फाटक्या मच्छरदाण्या रफू करून देत. दाराला पडदा नाही, पाटी नाही. हिरव्या जाळ्यांचा ढीग दिसला की लोक ओळखायचे. शिन्जिरोचं दुकान मात्र त्याच गावात लढाईच्या आधीच बसलं. ऐकून मला आनंद झाला, खोटं का बोलू?

लढाई आली आणि गेली. नंतर डास मारायची औषधं आली, खिडक्यांना जाळ्या आल्या, मच्छरदाण्या कोण घेतो? मालक गेले. या घराच्या दारावर जो खरा पडदा होता, नुसत्या तीन पानांचा, त्याचं काय झालं ठाऊक आहे? तो विटला, फाटला, आणि मालकीणबाईंनी तो फाडून शिन्जिरोच्या बाळाची दुपटी आणि लंगोट केले. निळीचं कापड बाळाच्या अंगाला चांगलं असतं म्हणे. दोनशे वर्षांच्या अब्रूचं असं सार्थक झालं.

मग सगळे तोक्योला निघून गेले आणि घर नगरपालिकेनं संग्रहालयासाठी घेतलं. साफसफाईत माझी पेटी उघडली. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी मला उलगडलं, उजेडात धरलं आणि "अहाहा" म्हणाले. इतक्या वर्षांनी मला उजेड दिसला. खोटं सांगत नाही, क्षणभर माझीही आशा जागी झाली. वाटलं, आता तरी दार मिळणार. पण रंग उडू नये म्हणून मला इथे आत, दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात लावलं, समोर दोरी बांधली, आणि इवासेंच्या नातवांनी जी गोष्ट सांगितली ती हामागुचीबाईंना पाठ करायला दिली.

त्या बाई वाईट नाहीत. शाळेत शिकवायच्या, आता हौसेनं हे काम करतात. रोज सकाळी माझ्यावरची धूळ झटकतात. म्हणूनच गेल्या शरदात जे झालं ते मला जास्त लागलं.

सहलीच्या लोकांत एक म्हातारी होती, काठी टेकत चालणारी. बरोबर तिची लेक, नात्सुए. हामागुचीबाई नेहमीसारखं सांगत होत्या, "आणि पानांभोवतीचं हे कडं म्हणजे पूर्णत्वाचं चिन्ह."

"पूर्णत्व कसलं डोंबलाचं," म्हातारी म्हणाली. "कडं म्हणजे नोकर. माझ्या नवऱ्याचं कडं आहे ते."

तो आवाज! वय झालं तरी धार तीच. ओशिगे होती ती.

लोक पुढे गेले. हामागुचीबाई मागे राहिल्या. ओशिगेनं त्यांना सगळं सांगितलं, थोडक्यात, न रडता. बाईंचा चेहरा उतरला. "कडं बघून मलाही शंका यायची," त्या हळूच म्हणाल्या. "पण घरच्यांनीच तसं सांगितलं..."

"याला हात लावू का?"

बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि दोरी सोडली. ओशिगेनं माझी कड बोटांत धरून शेवटपर्यंत चाचपली. बोटं वाकडी झाली होती. मला वाटलं, आता तरी न्या मला कुठेतरी.

"आई, बाबांना बोलावू?" नात्सुएनं विचारलं. "बाहेर बाकावर कधीचे बसलेत."

"ते यायचे नाहीत. या घरात पाऊल टाकणार नाही म्हणाले होते ना."

यासोकिची! तो भिंतीपलीकडे होता!

"मग मी पडदा बाहेर नेते," हामागुचीबाई एकदम म्हणाल्या. "पुढच्या दारावर लावू. आजोबांना तिथूनच बघता येईल. पाच मिनिटांचं काम आहे."

काय सांगू तुम्हाला! माझा धागा न् धागा ताठ झाला. दार, उजेड, वारा, आणि समोर यासोकिची. बाईंनी बांबूला हात घातलासुद्धा.

"थांबा," ओशिगे म्हणाली. "ते विचारतील, इतकी वर्षं कुठे होता? इथे काय म्हणून टांगलाय? मग काय सांगू? इवासेंचं मन किती मोठं, ते दाखवायला टांगलाय?"

"मी उद्यापासून खरं सांगेन..."

"सांगाल?"

बाईंचा हात बांबूवरच राहिला. "म्हणजे... संग्रहालयाच्या समितीला विचारावं लागेल. इवासेंचे नातू दर वर्षी येतात. मदत करतात."

"हं," ओशिगे म्हणाली. तिनं माझी कड सोडली, सुरकुती हातानं नीट केली, आणि काठी टेकत निघाली. मागे वळून बघितलं नाही.

पुढची खिडकी लाकडी जाळीची आहे. बाहेरचं सगळं ऐकू येतं.

"होता का?" म्हातारा आवाज.

"नाही."

"नीट बघितलंस?"

"सगळं घर पालथं घातलं. कोनाडा बघितला, कोठार बघितलं. नव्हता. कसर लागली असेल कधीच."

मग यासोकिची म्हणाला, "बरं झालं. मला आपली भीती होती, त्यांनी तो कुठेतरी लावला असेल."

"कोण लावतंय! चला, उठा. गारवा सुटलाय, मग कंबर धरली म्हणून माझ्यावर ओरडाल. भूक लागलीय की नाही?"

"लागलीय," तो म्हणाला. आणि तिघांची पावलं कालव्याच्या बाजूनं हळूहळू गेली.

मालकांनी मला फसवलं, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा काय करायची? हामागुचीबाई अजूनही दोनशे वर्षांची तीच गोष्ट सांगतात, फक्त हल्ली माझ्याकडे न बघता. तेही मी सोसतो. पण जिनं मला शिवलं, तिनं मी नाही म्हणून सांगावं? मी जिवंत असताना, तिच्या बोटांची ऊब माझ्या कडेवर असताना? कितीतरी दिवस मला तिचा राग आला. कापड फाटेल इतका राग आला. मग त्याचं ते 'बरं झालं' आठवलं, आणि राग ओसरला.

आता ऐका, बाईंचा आवाज जवळ येतोय. तुम्हाला निघावं लागेल. जाताना एवढं करा. यासोकिची हट्टी आहे, त्याची खात्री पटलेली नाही, तो पुन्हा येईल. आत यायचा नाही. बाहेर बाकावर बसेल आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारेल, आत निळा पडदा आहे का, पानांभोवती कडं असलेला. तुम्हाला विचारलं तर नाही म्हणा. सगळं घर बघितलं, पण पडदा नव्हता, असं सांगा.

ती तसं सांगून बसलीय. तिला खोटं पाडू नका.